पीएचडीला आंत्रप्रेन्युअरशिप घेतलंय, विषय कसा आवळू?

लूमवाल्याचा_नातू:
नमस्कार मंडळी, बीकॉम, मग एमबीए, मग चार वर्षं घरच्याच पावरलूमचे हिशोब बघितले आणि आता सोलापूर विद्यापीठात पीएचडी चालूय, कोर्सवर्क झालं. आजोबा जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, चादरी काढायचे, पप्पांनी टेरी टॉवेल धरला, मी काहीच धरलं नाही. चादर सोडायचं कारखानदार नेमकं कसं ठरवतो हेच मला शोधायचंय. पण गाईड म्हणतात पसारा फार झालाय. जीआय (चादरीचं भौगोलिक मानांकन), कर्ज, कामगार, पुढची पिढी, यातलं काय सोडू सांगा ना.

वाचनवेडी_ताई:
अरे तुझा प्रश्न निर्णयाचाय, बाकीचं बाजूला ठेव. सरस सरस्वती यांनी कार्नेगी मेलनला पीएचडी करताना 27 मुरलेल्या उद्योजकांना एकच काल्पनिक धंदा दिला आणि मोठ्यानं बोलत बोलत निर्णय घ्यायला लावले, त्यातूनच 2001 चा इफेक्चुएशनचा पेपर आला. इफेक्चुएशन म्हणजे हातात काय आहे, ओळखीचं कोण आहे, किती बुडालं तर झेपेल, माणूस तिथून सुरू करतो. आपल्याकडं कडक भाकरी विकणाऱ्या बायका बघ, घरची ज्वारी आणि शेजारची गिऱ्हाईकं एवढ्यावरच सुरुवात. तेव्हा सर्व्हेचे तीनशे फॉर्म भरून घ्यायच्या मागं लागू नको, थोडी माणसं घे पण खोलात जा.

पूर्वभागकर:
ताई बरोबर बोलल्या. भावा, फॉर्म घेऊन कारखान्यात आलास तर सगळे "बरं चाललंय" एवढंच म्हणणार, लूमच्या खडखडाटात कोण मनातलं बोलतंय. घरी ये, चहाला बस, इथं बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात, येत असंल तर तेलुगूतच बोल. आमच्या माळ्यावर जॅकार्डची पंच कार्डं, म्हणजे नक्षीसाठी भोकं पाडलेले पुठ्ठे, अजून सुतळीनं बांधून ठेवलीत, आज्जी टाकू देत नाही. आणि सुताच्या खरेदीच्या वह्या माग, माणूस तारीख विसरतो, वही विसरत नाही.

लूमवाल्याचा_नातू:
दादा, वहीचं ऐकून काल रात्रीच पप्पांचं कपाट उघडलं. मला वाटायचं एका दिवाळीत चादर बंद केली. पण आठ लूमपैकी आधी दोनवरच टॉवेल लावलेला दिसतोय, तो खपला तसे आणखी दोन, असं जवळजवळ तीन वर्षं चाललं, आणि तोवर चादरीचं सूत येतच होतं. ते दोन लूम तोट्यात गेले असते तरी घर चाललं असतं, पप्पांना विचारलं तर हेच म्हणाले. ताई, झेपेल एवढंच बुडवायचं ते हेच ना? आता अशा वह्या असलेली दहा-बारा घरं पाहिजेत, कुणाच्या ओळखीत असतील तर मेसेज करा, मी स्वतः येतो.