मदत हवी आहे: दहा मिनिटांत कोणती मागणी मांडावी?

आम्ही बाराजण, वय १६ ते १९; निम्म्यांना अजून मतदानाचा हक्क नाही. हवामान बदलाबाबत स्थानिक लोकप्रतिनिधींना दोनदा निवेदन दिलं, सह्याही जोडल्या. उत्तर एकच, 'दखल घेतली आहे'. आता कशीबशी दहा मिनिटांची भेट मिळालीय.

निवेदनात पॅरिस करारातली (हवामान बदलावरचा जागतिक करार) तापमानवाढीची १.५ अंशांची मर्यादा मांडली होती, ती बहुधा फार दूरची वाटली. पॅसिफिक बेटांवरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये एकच मुद्दा लावून धरला, हवामान बदलाबाबत देशांची जबाबदारी काय हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगावं, आणि २०२५ मध्ये त्या न्यायालयाचं सल्लागार मत आलं. म्हणून आम्हीही एकच मागणी नेणार. मोर्चा शक्य नाही (परीक्षा!), पक्षाचा शिक्काही नको.

सार्वजनिक इमारतींवर सौरऊर्जा की उष्णतेच्या लाटांसाठी कृती आराखडा, कशावर ते खरंच काही करू शकतात? आणि तारखेसह लेखी आश्वासन कसं मिळवायचं?