लास वेगासजवळचं रेड रॉक कॅनियन: आई-बाबांसोबत अर्ध्या दिवसात काय जमेल?

टेकडीवाला:
मंडळी, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन लास वेगासला जातोय. स्ट्रिपवरची, म्हणजे कॅसिनो-हॉटेलांच्या मुख्य रस्त्यावरची रोषणाई एका संध्याकाळीत उरकेल (बाबांच्या मते अर्ध्या तासात). ग्रँड कॅनियनला अख्खा दिवस जातो, तेवढा हातात नाही. रेड रॉक मात्र जवळ आहे म्हणतात. बाबा ६८ वर्षांचे, रोज टेकडी चढणारे. आई सपाटीवर तासभर चालते, पण गुडघ्यामुळे उताराला हात धरावा लागतो. गाडी भाड्याने घेतोय. दोघांनाही काहीतरी मिळालं पाहिजे, आईला गाडीत बसवून ठेवायचं नाहीये. आरक्षण लागतं का?

निवडुंग:
नऊ वर्षं वेगासमध्ये आहे आणि घरी येईल त्या पाहुण्याला रेड रॉकला नेते, तेव्हा थोडं पाल्हाळ सहन करा.

आधी आरक्षण. ऑक्टोबर ते मे या काळात सकाळी ८ ते संध्याकाळी ५ मध्ये तिथल्या सीनिक ड्राइव्हवर शिरायचं तर वेळ ठरवून ऑनलाइन आरक्षण करावंच लागतं. वार्षिक पास असला तरी सुटका नाही. माझ्या जाऊबाई पास मिरवत फाटकापर्यंत गेल्या आणि तशाच माघारी आल्या. पण फाटक ६ वाजता उघडतं आणि ८ च्या आत गेलात तर आरक्षण लागत नाही, फक्त प्रवेश शुल्क. मी तेच करते.

हा रस्ता १३ मैलांचा आणि एकेरी आहे. पहिल्या खेपेला 'येताना थांबू' म्हणत कॅलिको हिल्सचा थांबा मागे टाकला. येताना कुठला? पुढचे सगळे मैल संपवून हायवेवरच बाहेर पडलो.

काकांसाठी कॅलिको टँक्स. सँडस्टोन क्वॉरीच्या पार्किंगपासून वाट सुरू होते. तिथली दगडाची खाण १९१२ मध्ये बंद पडली, पण कापलेले मोठाले चिरे अजून तसेच पडलेत. जाऊन-येऊन अडीच मैल. ऐकायला किरकोळ, पण दोन तास धरा. आधी वाळूची कोरडी नाळ (पाणी वाहायची घळ), मग दगडी पायऱ्या, आणि वर तर पायवाटच संपते, नुसता उघडा खडक. या वालुकाश्मावर बूट पॉलिशपेपरवर ठेवल्यासारखा घट्ट बसतो. सह्याद्रीतल्या शेवाळलेल्या कातळावर घसरून मोठे झालेल्यांना आधी विश्वासच बसत नाही. फसवतात ते त्यावर पसरलेले सुटे वाळूचे कण. तिथे पाय सर्रकन जातो. मी अशा जागी सरळ बसून उतरते, लाज वाटत नाही.

वर जो 'टँक' आहे तो म्हणजे आपलं टाकंच, फक्त कुणी खोदलेलं नाही. पाऊस झाला असेल तर पाणी, नाहीतर तळाशी भेगाळलेला चिखल. बरेच जण इथूनच परततात. तसं करू नका. टाक्याच्या कडेने पलीकडे जा, तिथून अख्खं वेगास दिसतं. सासरे तिथे टेकले, बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "इतक्या कोरड्यात एवढं गाव वसवायचं सुचलं कुणाला?"

काकूंसाठी रेड स्प्रिंग. हे कॅलिको बेसिनमध्ये, सीनिक ड्राइव्हच्या बाहेर आहे, त्यामुळे आरक्षणाची भानगड नाही. साधारण अर्ध्या मैलाची लाकडी फळ्यांची वाट, झऱ्यामुळे हिरवं राहिलेलं गवत, आणि जवळच्या खडकांवर जुनी कोरीव चित्रं.

खडकवेडा:
काकांना लाल डोंगरामागचा करडा डोंगर जरूर दाखवा. लाल खडक म्हणजे ज्युरासिक काळातल्या वाळवंटातल्या टेकड्या, दगड झालेल्या. लोखंड गंजून लाल झाल्या. करडा चुनखडक त्याच्याहून कितीतरी जुना, समुद्रात तयार झालेला. म्हातारा वर आणि तरुण खाली! भूकवचाच्या दाबाने जुना थर सरकून नव्यावर चढला, त्याला कीस्टोन थ्रस्ट म्हणतात.

आणि पाऊस झाला असेल तर टँक्सचा नाद सोडा. हा खडक भिजला की ठिसूळ होतो, आणि नाळेत अचानक लोंढा येऊ शकतो.

टेकडीवाला:
निवडुंगताई, एक अडचण. बाबांना एकटं सोडणार नाही, म्हणजे मी त्यांच्याबरोबर. मग ते दोन तास आई कुठे? व्हिजिटर सेंटरमध्ये बसवू का?

निवडुंग:
अजिबात नको. व्हिजिटर सेंटर रस्त्याच्या तोंडाशी आहे आणि रस्ता एकेरी! त्यांच्याकडे परत यायला पूर्ण फेरी मारावी लागेल, आणि तिथे मोबाइलची रेंज धड नसते, त्यामुळे 'निघालोय गं' असं कळवताही येणार नाही.

दोन फेऱ्या करा. स्ट्रिपपासून जेमतेम १७ मैल आहे. तुम्ही दोघं ६ लाच फाटकावर, काकू हॉटेलवर आरामात झोपलेल्या. दहाच्या आसपास परत या, त्यांना घ्या आणि रेड स्प्रिंग गाठा. तिथून पुढे १५९ नंबरच्या हायवेवर एक ओव्हरलूक आहे. त्याला फाटक नाही, शुल्क नाही, आणि सगळा डोंगर गाडीतून उतरताच समोर.

पाणी वाटतं त्याच्या दुप्पट घ्या. थंडीत तहान कळत नाही. त्या हायवेवर जंगली गाढवं असतात, गाडीपाशी येऊन खिडकीत तोंड घालतात. काकूंनी पिशवीतून चिवडा काढला तर हात धरा. त्यांना खायला घालणं बेकायदा आहे, आणि त्या सवयीने ती रस्त्यावर येऊन गाड्यांखाली मरतात.

टेकडीवाला:
दोन फेऱ्या ठरल्या. आईला सांगितलं, तिने फक्त विचारलं, "झऱ्यापाशी बसायला बाक आहे ना?"

निवडुंग:
आहे. सावली मात्र नाही, टोपी द्या.