मदत हवी आहे: आईस डान्सिंगला खेळ म्हणायचं का?

नमस्कार मंडळी. भाचीला शाळेच्या वादविवाद स्पर्धेत 'नृत्य हाही खेळच' या बाजूने बोलायचंय. तिच्या तयारीसाठी मदत हवी आहे.

आईस डान्सिंग, म्हणजे बर्फावर स्केट्स घालून जोडीने केलेलं नृत्य, 1976 पासून हिवाळी ऑलिंपिकमध्ये आहे. 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंगही (ब्रेकडान्स) आलं, पण 2028 च्या लॉस एंजेलिसच्या यादीत ते नाही. विरोधी बाजू हे नक्की काढणार. त्याहून मोठा आक्षेप गुणांचा: धावण्यात घड्याळ निकाल देतं, इथे परीक्षक. 1984 साली सारायेव्होच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये टॉरव्हिल आणि डीन या ब्रिटिश आईस डान्सिंग जोडीला कलात्मकतेसाठी सगळ्या परीक्षकांनी पैकीच्या पैकी, 6.0 दिले. मग ही दाद की मोजमाप? आता प्रत्येक घटकाची काठिण्यपातळी पंच रिप्ले पाहून ठरवतात, तरी सादरीकरणाचे गुण उरतातच. पण मग जिम्नॅस्टिक्स आणि आपल्या मल्लखांबातही परीक्षकच गुण देतात ना! मला हा मुद्दा सगळ्यात भक्कम वाटतो.

पण भरतनाट्यम, लावणीलाही तेवढाच दम लागतो. त्यांना खेळ म्हणायला मन धजत नाही. मग रेघ कुठे ओढायची? स्केटिंग, मल्लखांब किंवा नृत्य शिकवणाऱ्यांनी, परीक्षण केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.