कोरियनमध्ये वरिष्ठांना ‘जाऊया का?’ कसे विचारावे?

रानजाई
पुण्याजवळच्या एका कोरियन कंपनीत मी दुभाषी आहे. काही सुचवायचे किंवा कोणाचे मत विचारायचे असले की ‘-ल्क्कायो’, ‘-ल्लेयो’ आणि ‘-प्शिदा’ हे तीन प्रत्यय समोर येतात. माझ्या पुस्तकात तिन्ही आदरार्थी म्हणून दिले आहेत. मग विभागप्रमुखांना जेवायला चला म्हणताना त्यांतला कोणता वापरावा? शिवाय ‘बीगा ओल्क्कायो?’ (पाऊस येईल का?) या वाक्यात कोणीच काही सुचवत नाही, तरी तिथे ‘-ल्क्कायो’ कसा?

सोनचाफा
दुसरा प्रश्न आधी घेतो. ‘-ल्क्कायो’ लावणारा माणूस निर्णय ऐकणाऱ्यावर सोपवतो. अर्थ बदलतो तो कर्त्यामुळे. कर्ता ‘मी’ असेल तर ‘छांगमुनुल यॉल्क्कायो?’ म्हणजे ‘खिडकी उघडू का?’, आणि त्याचे उत्तर आज्ञार्थी येते: ‘ने, यॉसेयो’ (हो, उघडा). कर्ता ‘आपण’ असेल तर ‘गाछी गाल्क्कायो?’ म्हणजे ‘बरोबर जाऊया का?’. कर्ता तिसराच असेल, तर सुचवण्यासारखे काही उरत नाही आणि वाक्य ऐकणाऱ्याचा अंदाज विचारते. भूतकाळाचा प्रत्यय या अंदाजाच्या अर्थातच लागतो: ‘दोछाखेस्सुल्क्कायो?’ (पोहोचले असतील का?). ‘उघडू का’, ‘जाऊया का’ आणि ‘येईल का’ ही मराठीत तीन निरनिराळी रूपे आहेत, त्यामुळे कर्ता गाळलेले कोरियन वाक्य भाषांतरित करताना तो आधी प्रसंगावरून ठरवावाच लागतो. दुभाष्याची खरी कसोटी तिथेच लागते, असे मला वाटते.

निळाई
पहिल्या प्रश्नाबद्दल: विभागप्रमुखांना ‘-प्शिदा’ म्हणू नये. हे रूप औपचारिक दिसते, म्हणून शिकणाऱ्यांना ते सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात ते बरोबरीच्या लोकांत, समूहाला उद्देशून किंवा ‘जिल्स्सॉरुल जिखिप्शिदा’ (शिस्त पाळूया) अशा फलकांवर शोभते, आणि वयाने किंवा पदाने मोठ्या व्यक्तीला ते उद्धट वाटू शकते. तिथे आदरवाचक ‘-शि-’ घालून ‘जॉम्शिम दुशिरॉ गाशिज्यो’ (जेवायला चलावे) म्हणणे योग्य. ‘-ल्लेयो’ ऐकणाऱ्याची इच्छा थेट विचारतो, म्हणून ‘खॉफी माशिल्लेयो?’ हे सलगीच्या सहकाऱ्याला ठीक आहे. वरिष्ठांना मात्र ‘खॉफी दुशिगेस्सॉयो?’ असे विचारावे. मित्रांमध्ये सरळ ‘गाजा’ (चल, जाऊया) चालते.

रानजाई
दोघांचेही मनापासून आभार. बैठकीत एखादा पर्याय मांडायचा असेल, आणि तो माझा आग्रह वाटू नये असेही हवे असेल, तर काय म्हणावे?

निळाई
त्यासाठी ‘-नुन गे ऑत्तेयो?’ ही रचना आहे, आणि तिच्या शेवटी पुन्हा तोच ‘-ल्क्कायो’ जोडला की सूर आणखी मवाळ होतो: ‘ह्वेइरुल नेइल हानुन गे ऑत्तॉल्क्कायो?’ म्हणजे ‘बैठक उद्या घेतली तर कसे होईल?’. वरिष्ठांसमोर मी हेच दुसरे रूप निवडेन.