बिल्ज पंप वारंवार सुरू होतोय? आधी पाणी ओळखा

दर तासाला बिल्ज पंप (बोटीच्या तळाशी, म्हणजे बिल्जमध्ये साचलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप) चालतो, एवढ्यावरून बोट पाण्याबाहेर काढायची घाई नको. बिल्ज स्पंजने कोरडं करा आणि नवं साचलेलं पाणी गोडं की खारं ते बघा; तेलाचा तवंग नसेल तर बोटाच्या टोकावर चव घेऊनही कळतं.

गोडं असेल तर पिण्याच्या पाण्याच्या टाकीच्या होजचे (नळीचे) सैल क्लिप, नाहीतर मास्टमधून (शिडाच्या खांबातून) उतरणारं पावसाचं पाणी. सगळे नळ बंद असताना नळांना पाणी देणारा प्रेशर पंप मधूनच घरघरत असेल तर गळती टाकी-नळांच्या लाइनमध्येच आहे, शोध संपला.

खारं असेल तर पहिला संशय शाफ्टच्या ग्लँडवर, म्हणजे पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो तिथल्या पाणी अडवणाऱ्या जोडावर. त्यातल्या जुन्या पद्धतीच्या पॅकिंगमधून (शाफ्टभोवती दाबून बसवलेल्या दोरीच्या भरावातून) शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडायलाच हवेत, त्यावरच ते थंड राहतं. बोट उभी असतानाही धार लागत असेल तर लॉकनट सैल करून मुख्य नट फक्त एक अष्टमांश फेरा आवळा. मग बोट धक्क्याला दोरांनी पक्की बांधून इंजिन थोडा वेळ गिअरमध्ये चालवा, बंद करा आणि ग्लँडला हात लावा. चटका बसला तर जास्त आवळलंय. अशाने शाफ्टवर खाचा पडतात, मग नवं पॅकिंगही टिकत नाही.

आणि हो, पंपाचा होज लांब असेल तर पंप थांबल्यावर त्यातलंच पाणी परत खाली येतं आणि फ्लोट स्विच (पाणी वाढलं की तरंगून पंप सुरू करणारा स्विच) पुन्हा उचलला जातो. ती गळती नव्हेच.