मदत हवी आहे : परदेशातून संकरित निवडुंगाची पिल्लं मागवायची आहेत (सरळ मार्गाने)

नमस्कार मंडळी,

आधी हकिगत सांगते, मग प्रश्न.

मी नाशिकची. गच्चीवर दीडशेच्या आसपास कुंड्या, त्यातले निम्मे निवडुंग. चार वर्षांपूर्वी एका परदेशी विक्रेत्याच्या साइटवर ताटलीएवढं जर्दाळू रंगाचं फूल दिसलं. नाव 'अ‍ॅप्रिकॉट ग्लो'. हुरळून तीन पिल्लं (मोठ्या झाडाला फुटणारी छोटी रोपं) मागवली. पाकीट बावीस दिवसांनी आलं. वर लिहिलेलं : 'प्लास्टिकची शोभेची वस्तू'. तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. वर्तमानपत्राची घडी उलगडली तर दोन पिल्लं बुडातून लिबलिबीत झालेली आणि आंबूस वास. तिसरं सुपारीएवढं, सुरकुतलेलं, पण दाबून पाहिलं तर टणक. बूड कापलं, बुरशीनाशकाची पूड लावली, आठवडाभर सावलीत सुकवलं. नंतर वरचा शेंडा ड्रॅगनफ्रूटच्या खुंटावर कलम केला.

यंदा चैत्रात त्याला पहिली कळी आली. राखाडी, केसाळ; वाढत वाढत वीतभर लांब झाली. ज्या रात्री उमलणार असं वाटलं त्या रात्री मी गच्चीवर खुर्ची टाकून बसले. साडेनऊला पाकळ्या सुटायला लागल्या. पांढऱ्या. स्वच्छ पांढऱ्या! सासूबाई टॉर्च घेऊन वर आल्या, वाकून वास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, हा तर आमच्या साताऱ्याच्या अंगणात होता की, तेलाच्या डब्यात."

म्हणजे पैसे गेले, नाव खोटं निघालं, आणि नंतर वाचत गेल्यावर कळलं की ते पाकीटच बेकायदा होतं. पेरेस्किया वगैरे दोन-तीन प्रजाती सोडल्या तर निवडुंगाचं अख्खं कुळ सायटीस कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या देशोदेशीच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) परिशिष्ट २ मध्ये आहे, म्हणजे परवान्याशिवाय ने-आण नाही. एरिओकार्पससारखे काही तर परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे आणखी कडक यादीत. भारत १९७६ पासून या करारात आहे. रोपवाटिकेत वाढवलेलं पिल्लूही यातून सुटत नाही. संकरितांना सूट असेल असं मला वाटायचं, पण ती ठरावीक प्रकारांनाच आहे : ख्रिसमस कॅक्टसचे संकर, खुंटावर चढवलेले लाल-पिवळे 'मून कॅक्टस' असे. माझ्या यादीतलं त्यात काही नाही.

मला हवे आहेत ते ट्रायकोसेरियस, एकिनॉप्सिस आणि लोबिविया या मोठ्या फुलांच्या निवडुंगांचे संकर, विशेषतः कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन बोटॅनिकल गार्डन्समध्ये बॉब शिक यांनी केलेले. बिया आणून काम भागत नाही. संकराच्या बीतून आईसारखं रोप येत नाही, दहा बियांना दहा तऱ्हा. तेच फूल हवं तर त्याच झाडाचं पिल्लू हवं. घोडं अडलंय ते इथे.

कागद कुठले लागतात ते बघितलंय. तिकडून फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसचा (अमेरिकेचं वन्यजीव खातं) निर्यात परवाना आणि कृषी खात्याचं फायटोसॅनिटरी (रोपाला कीड-रोग नसल्याचं) प्रमाणपत्र. इकडे २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे (परदेशी रोपांबरोबर कीड-रोग येऊ नयेत म्हणूनचा आदेश) आयात परवाना, आणि तो पार्सल निघण्याआधी हातात हवा. मुळांना मातीचा कण नको. आता प्रश्न :

घरगुती संग्रहासाठी पाच-सहा पिल्लांचा आयात परवाना कुणी स्वतः काढलाय का? एजंटाशिवाय जमलं का?

सात-आठ जणांनी मिळून एकच ऑर्डर केली तर खर्च वाटून घेता येईल, पण परवाना कुणाच्या नावावर, आणि माल आल्यावर क्वारंटाइनच्या निगराणीखाली कुठे ठेवायचा?

मुंबईला उघडी मुळं घेऊन पार्सल कोणत्या महिन्यात उतरवावं? माझ्या मते नोव्हेंबर-डिसेंबर. जूनमध्ये आणायचं म्हणजे कुजवायलाच आणायचं.

"सुपारीएवढं तर आहे, कोण बघतंय" असे सल्ले कृपया देऊ नका. ते करून झालंय.

प्रतिसाद :

ताई, मी एकदा एका रोपवाटिकेबरोबर हे केलंय. परवाना त्यांच्या नावावर, आयातीचा अनुभव त्यांचा, मी फक्त माझ्या वाट्याचे पैसे भरले. तुम्हीही तोच रस्ता धरा. एकट्याने पाच पिल्लांसाठी एवढी धावपळ म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आधी पश्चिम बंगालमधल्या कालिंपाँगच्या रोपवाटिकांत विचारा, तिथे निवडुंगाचे जुने संग्रह आहेत. मात्र नावाच्या पाटीवर जाऊ नका, त्यांच्याच झाडावरच्या फुलाचा फोटो मागा. महिना तुम्ही बरोबर धरलाय.

पण एक सांगू? तुमचं ते पांढरं टाकू नका. शिक यांचे संकर ज्या गोतावळ्यातून आले, हेही त्यातलंच. त्याला स्वतःच्या परागाने बहुधा बी धरत नाही, म्हणजे दुसऱ्याचा पराग लावला की जे बी येईल ते संकरितच. माझ्याकडे शेंदरी लोबिविया आहे, एप्रिलमध्ये फुलते. परागकोश कोरडे करून बटरपेपरच्या पुडीत, सिलिका जेलसोबत डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवले की काही आठवडे टिकतात. कुरियरने पुण्याहून नाशिक, परवान्याची भानगड नाही.

धागाकर्ती :

दादा, हे डोक्यातच आलं नव्हतं. आज वर जाऊन पाहिलं, बुडाशी अजून दोन केसाळ गाठी दिसतायत. कळ्याच असाव्यात. पुडी लगेच पाठवता का? पत्ता व्यनि (खासगी निरोप) करते. कुंचला तीन नंबरचा चालेल ना? आणि पराग रात्री उमलल्या उमलल्या लावायचा की पहाटे?

आयातीचा प्रश्न मात्र उघडाच आहे हं, ज्यांनी स्वतः परवाना काढलाय त्यांनी जरूर लिहा.