उत्तर: जुन्या जंगलात लहान मुलं कंटाळतील का?
चार आणि सहा वर्षांची मुलं कंटाळतील का, असं विचारलंय. झाड किती हजार वर्षांचं हे सांगत बसलात तर नक्की! आमच्या पोरांवर आकड्यांचा ढिम्म परिणाम झाला नाही. पण कॅलिफोर्नियात रेडवुडखाली पडलेलं शंकूफळ हातात दिलं, जेमतेम बोराएवढं, आणि म्हटलं, हे शंभर मीटरचं झाड यातल्याच बीमधून येतं. मग अर्धा तास दोघं खाली वाकूनच. (फळं तिथेच ठेवायला लावली, रडारड झाली.) पायवाट मात्र सोडू देऊ नका, या झाडांची मुळं उथळ असतात, पायांनी माती दबते. आणि वळणावळणाच्या रस्त्याआधी दूध नको. गाडीला अजून वास येतो.